सभा वळवायची कशी: आधी विश्वास, मग हिशेब, शेवटी काळीज

आपल्याकडे भाषण करायला शिकवलं जातं ते शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत. ‘मान्यवर परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ अशी सुरुवात, मधे दोन सुभाषितं, एखादी चारोळी, शेवटी मूठ आवळून वरच्या पट्टीतलं एक वाक्य आणि टाळ्या. परीक्षक म्हणून अशा स्पर्धांना मीही बसतो. गुणपत्रिकेत पाठांतर, उच्चार, हावभाव, वेळेचं भान असे रकाने असतात. ऐकणाऱ्याचं मत बदललं का, हा रकाना कुठेच नसतो, कारण तिथे ऐकणाऱ्याला काही ठरवायचंच नसतं. हीच मुलं पुढे ग्रामसभेत, युनियनच्या बैठकीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत उभी राहतात, त्याच पट्टीत बोलतात, टाळ्याही घेतात, आणि ठराव मात्र बारगळतो.

हा लेख ज्यांना ठराव पास करून घ्यायचाय त्यांच्यासाठी आहे.

माणसाला पटतं कशामुळे, याचा पहिला पद्धतशीर विचार इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने केला. वक्त्याकडे तीन साधनं असतात, असं त्याने मांडलं: वक्त्याबद्दल वाटणारा भरवसा, म्हणजे ईथॉस, श्रोत्याच्या मनात जागी केलेली भावना, म्हणजे पेथॉस, आणि मुद्द्यातला तर्क, म्हणजे लोगॉस. हल्ली या तिघांचा त्रिकोण काढून दाखवायची पद्धत आहे. मला तो त्रिकोण फारसा कामाचा वाटत नाही. त्याच्या तिन्ही बाजू सारख्याच. सुरुवात कुठून करायची ते त्यातून कळत नाही. सभेत मात्र कशानंतर काय येतं यावर सगळं ठरतं. निर्णय घ्यायला बसलेल्या सभेपुढे मी जो क्रम सांगतो तो वरच्या शीर्षकात आहे. बहुतेक वक्ते तो बरोब्बर उलटा लावतात: पहिल्याच मिनिटात गहिवरतात, मग आकडे फेकतात, आणि लोक कुजबुजायला लागले की ‘मी माझ्या स्वार्थासाठी बोलत नाहीये’ म्हणून शपथा घेतात.

पुढे दोन उदाहरणं सोबत ठेवतो. एक घरगुती आणि कल्पित: १९९३ साली बांधलेली चोवीस फ्लॅटची सोसायटी. गच्चीखालच्या स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात, दुरुस्तीचा खर्च छत्तीस लाख, म्हणजे घरटी दीड लाख. सभासदांत निम्मे निवृत्त. आणि तुम्हाला एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, हा खर्च मंजूर करून घ्यायचाय. दुसरं उदाहरण खरं आणि मोठं: २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केलेलं समारोपाचं भाषण. दोन्हींची उंची अर्थातच सारखी नाही. पण ते भाषण सभेच्या कामकाजात शब्दशः नोंदलेलं आहे, आणि कोणता मुद्दा कुठे ठेवला हे त्यात ओळ न् ओळ तपासता येतं.

कागद घ्यायच्या आधी

एक वाक्य लिहा: सभा संपल्यावर लोकांनी नेमकं काय करायला हवं? ‘जागृती व्हावी’ हे उत्तर चालणार नाही. ‘दुरुस्तीसाठी घरटी दहा हजार रुपये महिना, पंधरा महिने, असा ठराव मंजूर व्हावा’ हे चालेल. हे वाक्य लिहिता येत नसेल तर भाषण पुढे ढकला.

मग सभासदांची यादी घेऊन बसा. ‘श्रोते’ नावाचा एकसंध गोळा कुठेच नसतो. तळमजल्यावरच्या काकूंना गच्ची गळते की नाही याने फरक पडत नाही. वरच्या मजल्यावरच्यांच्या छताचे पोपडे रोज ताटात पडतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका पेन्शनवर आहेत आणि त्यांना दीड लाख हा आकडा ऐकूनच घाम फुटणार आहे. दोन फ्लॅटचे मालक परगावी राहतात आणि भाड्यापलीकडे त्यांना कशाचंही पडलेलं नाही. एक जण मागच्या कमिटीत होता. आताची कमिटी जे म्हणेल त्याला तो विरोध करणारच. प्रत्येक नावापुढे त्याची खरी अडचण एका ओळीत लिहा. सभेत मोठ्याने बोलली जाणारी अडचण आणि खरी अडचण वेगळी असू शकते. ‘कोटेशन एकच का आणलं?’ असं विचारणाऱ्या माणसाला कधी कधी ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ एवढंच सांगायचं असतं, आणि ते चारचौघांत कोण सांगेल?

भाषणाची निम्मी तयारी या यादीत होते. ज्यांना ती कंटाळवाणी वाटते त्यांनी सूत्रसंचालन करावं.

विश्वास: तुमचं तोंड उघडायच्या आधीचं काम

वक्त्यावर विश्वास बसायला तीन गोष्टी लागतात, असं ॲरिस्टॉटल म्हणतो: त्याला विषय कळतो, तो सरळ आहे, आणि त्याला आपलं भलं हवंय. यातली एक जरी कमी पडली तरी घोडं अडतं. विषय कळणारा पण आपलं भलं न पाहणारा माणूस म्हणजे कमिशन खाणारा कॉन्ट्रॅक्टर. भलं पाहणारा पण विषय न कळणारा म्हणजे शेजारचे प्रेमळ आजोबा. त्यांना आपण चहा देतो, चेकवर सही देत नाही.

हा विश्वास भाषणात कमवायचा असतो असं पुस्तकी वर्णन असतं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग व्यासपीठावर यायच्या आधीच कमावलेला किंवा गमावलेला असतो. गाडगेबाबांचं उदाहरण महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं. स्वच्छतेवर बोलायचा अधिकार त्यांनी दुपारीच मिळवलेला असायचा, त्यामुळे रात्री स्वतःची ओळख करून द्यायला एक वाक्यही खर्च करावं लागत नसे.

सोसायटीत याचं रूप साधं आहे. सभेच्या आधीच्या आठवड्यात मागच्या कमिटीतल्या त्या गृहस्थांना घेऊन गच्चीवर जा. स्लॅब त्यांनाच दाखवा, फोटो त्यांनाच काढू द्या. स्वतःचा मेंटेनन्स थकलेला असेल तर आधी भरा. थकबाकीदाराच्या तोंडून खर्चाचा प्रस्ताव कोणीही ऐकून घेत नाही. आणि कॉन्ट्रॅक्टर तुमचा नातेवाईक असेल तर ते सभेत पहिल्या दोन वाक्यांत सांगा, किंवा त्याला यादीतून काढा. दुसरा पर्याय जास्त चांगला.

आता संविधान सभेतलं भाषण पाहा. मसुदा समितीवर टीका होत होती: फार वेळ लावला, लोकांचा पैसा उधळला. एका सदस्याने तर समितीच्या इंग्रजी नावावर कोटी करून ती ‘ड्राफ्टिंग’ नव्हे तर ‘ड्रिफ्टिंग’, म्हणजे भरकटलेली, समिती आहे असं म्हटलं होतं. अशा वेळी सामान्य वक्ता दुखावतो आणि स्वतःच्या कष्टांची कहाणी सांगू लागतो. बाबासाहेबांनी काय केलं? आपल्याला दिलं जाणारं श्रेय खरं आपलं नाही, असं सांगून ते घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्याकडे वळवलं, आणि त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला. सभागृहात ज्यांनी त्यांना सतत अडवलं त्या कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू अशा सदस्यांची नावं घेऊन त्यांचे आभार मानले. ते नसते तर सभा म्हणजे नुसती होला हो झाली असती, असा त्याचा आशय. आपण इथे आलो तेव्हा अनुसूचित जातींच्या हितरक्षणापलीकडे मोठी आकांक्षा नव्हती आणि मसुदा समितीचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा आश्चर्य वाटलं, हेही मोकळेपणाने सांगितलं.

श्रेय वाटून टाकणारा, विरोधकाला नावाने धन्यवाद देणारा आणि स्वतःच्या हेतूबद्दल आडपडदा न ठेवणारा माणूस पुढे कडू बोलणार असेल, तर त्याचं कडू ऐकून घेतलं जातं. आणि पुढे ते कडू बोललेच.

सोसायटीच्या भाषणात हे कसं उतरेल? नेहमीची सुरुवात अशी होते:

‘आज आपल्या इमारतीची अवस्था बघून माझं मन विदीर्ण होतं. आपण कधी जागे होणार? एखादा बळी गेल्यावर?’

त्याऐवजी असं म्हणून पाहा:

‘नमस्कार. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, माझ्या घरात गळत नाही. म्हणून गेली काही वर्षं मीही हा विषय पुढे ढकलत आलो. मागच्या आठवड्यात आधीच्या कमिटीचे सेक्रेटरी आणि मी गच्चीवर जाऊन आलो. त्यांनी काढलेले फोटो आहेत, ते आधी सगळ्यांकडे फिरवतो. खर्चाचं मी नंतर बोलतो.’

पहिलीत वक्ता वर आणि सभासद खाली आहेत. दुसरीत तो त्यांच्याच रांगेत बसलेला आहे, आणि कडवा विरोधक फोटोग्राफर झालाय.

एक सवय मात्र मोडायलाच हवी. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यात आपल्याकडे पहिली पाच मिनिटं जातात, आणि त्यानंतर ‘मी काही वक्ता नाही, दोनच शब्द बोलतो’ हे येतं. ते दोन शब्द अर्धा तास चालतात हे सभेला अनुभवाने माहीत असतं. म्हणजे भरवसा कमवायच्या वेळेत तुम्ही पहिलं खोटं बोलून मोकळे झालेले असता.

हिशेब: कमी आकडे, पण सोसणारे

तर्क म्हणजे भरपूर आकडे असा गैरसमज आहे. बाबासाहेबांच्या भाषणात आकडे आहेत, पण प्रत्येकाला काम दिलेलं आहे. ९ डिसेंबर १९४६ पासून दोन वर्षं अकरा महिने सतरा दिवस, अकरा अधिवेशनं, एकूण १६५ दिवस कामकाज, त्यातले ११४ दिवस मसुद्यावर. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे सगळं ‘फार वेळ लावला’ या एकाच आरोपाकडे रोखलेलं आहे. मग येते तुलना. अमेरिकेचं संविधान चार महिन्यांच्या आत, २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात तयार झालं. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं लागली. आणि इथे ते अडचणीचं सत्य स्वतःच्याच तोंडाने सांगतात: अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेपेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला, हे खरं आहे. पण त्यांची संविधानं आपल्यापेक्षा खूप लहान, आपली कलमं ३९५. आणि त्या मंडळींना दुरुस्त्यांचा असा डोंगर पार करावा लागला नव्हता.

विरोधकाच्या हातातला सर्वांत मजबूत आकडा आपणच आधी टेबलावर ठेवायचा, ही या भागातली सर्वांत उपयोगी युक्ती. त्यानंतर विरोधक उठला तरी त्याच्याकडे नवीन काही उरत नाही. भरकटण्याच्या कोटीलाही त्यांनी उत्तर दिलं ते न चिडता: अधिक चांगल्याचा शोध घेणं म्हणजे भरकटणं नव्हे. हशा पिकवणाऱ्याला आकड्यांनी उत्तर द्यायचं नसतं, हेही यातून घ्यावं.

मुद्दा रचायला आपल्या न्यायदर्शनातली, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातली, पाच पायऱ्यांची मांडणी मला अजूनही सर्वांत हाताशी वाटते: प्रतिज्ञा (काय पटवायचंय), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते आपल्या प्रकरणाला लावणं), निगमन (निष्कर्ष). नावांना घाबरू नका, सोसायटीत ती अशी दिसते:

‘गच्चीखालचा स्लॅब यंदाच दुरुस्त करायला हवा. कारण सळ्या उघड्या पडून गंजल्यात. सळी गंजली की फुगते आणि आजूबाजूचं काँक्रीट फोडते. आपल्याच बी विंगच्या जिन्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. गच्चीखाली तेच सुरू झालंय. तेव्हा थांबलो तर पॅच मारून भागणार नाही, स्लॅब तोडावा लागेल.’

यात सर्वांत जड काम तिसरी पायरी करते. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, दृष्टांताची व्याख्याच अशी आहे की ज्या गोष्टीबद्दल सामान्य माणूस आणि जाणकार यांचं एकमत असतं, तो दृष्टांत. धुरावरून अग्नी ओळखायचा तर उदाहरण स्वयंपाकघराचं, कारण ते कोणीही नाकारू शकत नाही. मुंबईतल्या कोसळलेल्या इमारतींचे दाखले सभासदांना लांबचे वाटतात. ‘त्या जुन्या होत्या, आपलं बांधकाम पक्कं आहे’ असं ते मनातल्या मनात म्हणून टाकतात. बी विंगचा जिना मात्र त्यांच्या रोजच्या पायाखालचा आहे.

ॲरिस्टॉटलने आणखी एक बारकावा सांगितलाय: सभेपुढे तर्काच्या सगळ्या पायऱ्या बोलून दाखवू नका, लोकांना आधीच माहीत असलेली पायरी गाळा. गाळलेली पायरी ऐकणारा स्वतः भरतो आणि निष्कर्ष त्याचा स्वतःचा होतो. वरच्या उताऱ्यात ‘तोडायचा खर्च दुरुस्तीपेक्षा जास्त’ हे वाक्य नाही. ते तिसऱ्या मजल्यावरचे काकाच पुटपुटतील, आणि त्यांनी पुटपुटलेलं तुमच्या दहा वाक्यांना भारी पडेल.

नियमांचा आधार घ्यायचा तर एकच घ्या आणि नेमका घ्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. १९९३ची इमारत आता दुसऱ्या गटात गेली, एवढं सांगून पुढे चला. कलमं वाचत बसलात की सभेला वाटतं, पैशाचा विषय टाळला जातोय.

पैशाचं उत्तर मात्र सविस्तर द्या. छत्तीस लाख भागिले चोवीस, घरटी दीड लाख. एकरकमी नको, दहा हजारांचे पंधरा हप्ते. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, किती आहे आणि तो का पुरत नाही. तीन कोटेशनं, तिघांच्या रकमा, आणि सर्वांत स्वस्त का नको (किंवा का हवं). हे सगळं एका कागदावर छापून खुर्चीवर ठेवा. ऐकलेला आकडा लगेच विसरला जातो, आणि त्यानंतर विसरणारा माणूस ‘काहीतरी लपवताहेत’ असं म्हणतो.

काळीज: भीती दाखवा, पण वाटेसकट

नारदीय कीर्तनाची रचना ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. आधी पूर्वरंग: अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण करायचं, तत्त्व समजावायचं. मधे नामाचा गजर. मग उत्तररंगात आख्यान लावायचं, आणि तेच तत्त्व एका माणसाच्या गोष्टीतून डोळ्यांत पाणी आणतं. आख्यान आधी लावलं तर लोक गोष्ट ऐकून घरी जातील. पूर्वरंगात जमीन तयार झालेली असते म्हणून उत्तररंगातलं बी रुजतं.

बाबासाहेबांचं भाषण याच वळणाने जातं. आकडे आणि आभार संपल्यावर, माझं मन देशाच्या भवितव्याने इतकं व्यापलंय की इथे थांबता येत नाही, असं ते म्हणतात, आणि तिथून सूर पालटतो. २६ जानेवारी १९५० रोजी भारत स्वतंत्र असेल. पण या स्वातंत्र्याचं काय होईल? तो ते टिकवेल की पुन्हा गमावेल? मग एकामागून एक प्रसंग: सिंधवर महंमद बिन कासिम चालून आला तेव्हा दाहिर राजाच्या सेनापतींनी लाच घेतली, जयचंदाने घोरीला बोलावलं, शिवाजी महाराज लढत होते तेव्हा इतर मराठे सरदार आणि रजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढत होते. प्रत्येक प्रसंग एक-दोन वाक्यांचा. वर्णन नाही, विशेषणं नाहीत. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो त्या रांगेमुळे.

आता ॲरिस्टॉटलचं भीतीबद्दलचं एक निरीक्षण इथे लावून पाहा. भीती माणसाला विचार करायला लावते, पण सुटकेची थोडीतरी आशा असेल तरच; जिथे काहीच होणार नाही असं वाटतं तिथे कोणी खलबतं करत नाही. म्हणूनच भीती जागी करून झाल्याबरोबर बाबासाहेब करायच्या तीन गोष्टी सांगतात: उद्दिष्टं साधायला घटनात्मक मार्गच धरायचे, कितीही थोर माणूस असला तरी त्याच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहायचं नाही, आणि राजकीय लोकशाहीवर न थांबता ती सामाजिक लोकशाही करायची. भक्ती धर्मात मोक्षाचा मार्ग असेल, राजकारणात ती अधःपाताचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे, हे बहुतेकांना पाठ असलेलं विधान दुसऱ्या मुद्द्यातलं. ते पहिल्या पाच मिनिटांत केलं असतं तर कोणाला तरी टोमणा वाटलं असतं.

सोसायटीत काळजाला हात घालायला बळी, रक्त, अँब्युलन्स यांची गरज नाही. भावना जागी करायच्या आधी तीन प्रश्न विचारा. हेही ॲरिस्टॉटलचेच, रागाच्या संदर्भातले: माणूस कोणत्या मनःस्थितीत ती भावना अनुभवतो, कोणाबद्दल, आणि कशावरून? पेन्शनवर असलेल्या काकांना आधीच भीती आहे, पण ती पैशाची. त्यांना स्लॅबची भीती दाखवली तर दोन भीत्या एकत्र होऊन ते ‘नको’ म्हणतील. त्यांच्याशी बोलायचं ते अभिमानाच्या अंगाने:

‘काका, ही सोसायटी रजिस्टर करायला तुम्ही ऑफिसातून रजा टाकून चकरा मारल्यात, हे आम्हाला आमच्या आईवडिलांनी सांगितलंय. तेव्हा घरटी जे पैसे काढले तेही त्या काळाला जडच होते. पंधरा हप्ते जड जात असतील त्यांना अठरा करून देऊ, दोघातिघांसाठी तेवढं आपण सांभाळू.’

यात एक माणूस आहे, खरा प्रसंग आहे, आणि मदतीची वाट आहे. अर्थात प्रसंग खरा असला तरच. काका त्या वेळी रजिस्ट्रेशनच्या भानगडीत नव्हतेच, असं कोणी उठून म्हणालं तर भावना जाईलच, पण आधी कमावलेला विश्वासही सोबत घेऊन जाईल.

शेरोशायरीबद्दल एक शब्द. चांगली ओळ वाईट नसते, पण ती सभेचं लक्ष मुद्द्यावरून वक्त्याच्या पाठांतराकडे नेते. टाळी पडली की वक्त्याला वाटतं काम झालं. ती टाळी कवीची असते. लोकांनी घरी न्यावं असं एखादं वाक्य हवंच असेल तर ते स्वतःचं आणि आखूड असू द्या. ८ ऑगस्ट १९४२ला गवालिया टँकवर गांधीजींनी ‘करा किंवा मरा’ हा मंत्र दिला, त्या भाषणातलं बाकीचं किती जणांना आठवतं? तुमच्या सभेला ‘पाऊस यायच्या आत’ एवढं पुरेल.

टाचण आणि आवाज

भाषण पाठ करू नका, वाचूही नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सात-आठ ओळी: सुरुवातीची दोन वाक्यं पूर्ण, मधले आकडे, शेवटची मागणी पूर्ण. बाकी सगळं बोलण्याच्या ओघात येऊ द्या. वेळ दहा मिनिटं धरली तर माझा हिशेब असा असतो: विश्वासाला तीन, हिशेबाला पाच, काळजाला दोन. माईक तोंडापासून वीतभर. आकडा सांगितल्यावर थांबा, लोकांना भागाकार करू द्या.

घरी एकदा मोठ्याने बोलून पाहा, आणि ऐकायला अशा माणसाला बसवा ज्याला विषयात रस नाही. घरात असं माणूस मिळणं सोपं असतं.

प्रश्न सुरू झाल्यावर

खरी सभा इथे सुरू होते. आपल्याकडच्या जुन्या वादशास्त्राने बोलणाऱ्यांचे तीन प्रकार केलेत: सत्य शोधायला बोलणं म्हणजे वाद, जिंकायला बोलणं म्हणजे जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याची मोडायची ती वितंडा. वाद घालणाऱ्याला पूर्ण उत्तर द्या. जल्प करणाऱ्याला त्याचा एक मुद्दा मान्य करून द्या. त्याला जिंकल्यासारखं वाटलं की तो बसतो. वितंडा करणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, तोही आवाज न चढवता: ‘बरोबर आहे तुमचं, मग आपण काय करावं असं तुम्ही सुचवता?’ बहुतेक वेळा उत्तर येत नाही, आणि सभा ते बघते.

कोणी कितीही टोचलं तरी ‘तुमचाच मेंटेनन्स थकलाय’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका, मग ते शंभर टक्के खरं का असेना. त्या क्षणी ज्यांचे हप्ते मागेपुढे झालेत ते सगळे त्यांच्या बाजूचे होतात. उत्तर माहीत नसेल तर ‘बघून सांगतो, परवापर्यंत नोटीस बोर्डावर लावतो’ म्हणा आणि खरंच लावा.

शेवटी ठराव. तो आधीच लिहून खिशात असायला हवा. सभा अनुकूल झालेली असताना शब्दांवर काथ्याकूट सुरू झाला की ती पाहता पाहता पांगते. ‘गच्ची व स्लॅबच्या दुरुस्तीसाठी छत्तीस लाख रुपयांपर्यंतच्या खर्चास ही सभा मंजुरी देते, प्रत्येक सभासदाने दरमहा दहा हजार रुपये याप्रमाणे पंधरा हप्ते भरावेत, अडचण असणाऱ्या सभासदांना कमिटीने अठरा हप्त्यांपर्यंत मुभा द्यावी’ एवढं वाचा. सूचक म्हणून वरच्या मजल्यावरचं कोणी आणि अनुमोदक म्हणून तळमजल्यावरच्या काकू, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. हात मोजा, आकडा इतिवृत्तात घाला. आणि कामावर देखरेख ठेवायला जी तीन माणसांची समिती नेमाल, तिच्यात विरोधात हात वर केलेल्यांपैकी एक जण घ्या. कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातली प्रत्येक ओळ तोच तपासेल.